गाठ नाई, जॉइन

शांताला इंग्रजीचा एकच शब्द यायचा. जॉइन. नालवाडीच्या सूतकताई केंद्रात शिकवणाऱ्या बाईंनी तो तिला पहिल्या दिवशी दिला आणि पुढं जन्मभर तिनं तो कुठंही वापरला. चपलेचा पट्टा तुटला, जॉइन कर. कपाचा कान निघाला, जॉइन कर. शेजारच्या दोघी नळावर भांडल्या की ही पदर खोचून मधे उभी. "बास झालं बायांनो, आता जॉइन करा." त्या आधी हसायच्या आणि मग भांडण तिथंच राहून जायचं.

मी तिचा नवरा. चौथी शिकलो, गवंडीकाम केलं. लिहायची सवय नाही. पण ती जाऊन चार महिने झाले आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. ती उंचीला माझ्या खांद्याएवढी, आणि चालायची अशी की बरोबरच्याला धावावं लागे. भाजी बरी करायची, फार चांगली नाही. बाई मेली की लोक तिला अन्नपूर्णा करून टाकतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. भाकर मात्र तिच्यासारखी मी दुसरीकडं खाल्ली नाही.

पुढं केंद्रानं तिला घरीच चरखा दिला. सहा चात्यांचा, लोखंडी. हँडल फिरवलं की कापसाचे पेळू रुळांतून बारीक होऊन येत आणि सूत होऊन चातीवर गुंडाळले जात. एकदा तिला ताप आला. काम अडलं होतं, म्हटलं मी उरकून टाकतो. सूत तुटलं की मी गाठ मारायचो. गवंड्याच्या हातची गाठ, मजबूत. सुताच्या तीन गुंड्या, म्हणजे लडी, तयार केल्या. ताप उतरल्यावर ती न बघता केंद्रात घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. तिन्ही गुंड्या माझ्या मांडीवर टाकल्या.

"हे कोनं केलं?"

"मी. तुटत होतं, बांधून टाकलं."

"बांधूनच टाकलं तुमी. मागावर गाठ अडकते, तिथंच पुन्हा तुटते. अन् नाई तुटली तं कपड्यावर फोडासारखी दिसते."

मग मला शेजारी बसवून दाखवलं. तुटलेलं टोक दोन नखांत धरून तिनं हळूहळू उलगडलं. त्याचा पुन्हा कापूस झाला. तो रुळातून येणाऱ्या कापसाला नुसता टेकवला आणि हँडल अगदी सावकाश फिरवलं. कुठं जोडलं ते मला चष्मा लावूनही सापडलं नाही.

"आधी आपलं टोक मोकळं करा लागते," ती म्हणाली. "पीळ ठेवून लावलं तं धरत नाई."

"एवढं कोन करत बसते?"

"म्हनून तं तुमाले कोनी दुसऱ्यांदा कामावर बोलावत नाई."

हे खोटं होतं. मला कामं भरपूर असायची. पण दोन दिवस डोक्यात बसलं.

आता देवरावचं सांगतो. देवराव माझा धाकटा भाऊ, केळझरला राहतो. आई शेवटचं वर्षभर त्याच्याकडं होती. आई गेली आणि तिसऱ्या दिवशी, सगळे नातेवाईक बसलेले असताना, मी त्याला म्हटलं, "माय तुया घरी उपाशी मेली." मी डोळ्यानं काही पाहिलं नव्हतं. शेवटी शेवटी आईला घोटभर पाणी जात नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन महिने मीच तिला भेटायला गेलो नव्हतो, आणि ते कोणी विचारायच्या आत मी तोंड उघडलं. देवराव उठून गोठ्याकडं गेला.

परत येताना शांता बसमध्ये खिडकीशी बसली. सेलूचा थांबा आल्यावर म्हणाली, "आता हे कोन जॉइन करन?"

दोन वर्षांनी तिनंच मला केळझरला धाडलं. मी देवरावला पानठेल्यावर बोलावलं. म्हटलं, "झालं ते झालं, सोड आता." तो म्हणाला, "बरं." चहा पिऊन मी घरी आलो. शांता वांगी चिरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विळीवरची मान वर न करता म्हणाली, "गाठ मारून आले."

"मंग काय पाय धरू त्याचे?"

"चार लोकायसमोर बोलले, तं चार लोकायसमोर उकला. अन् सोड म्हनून त्यालेच सांगता? धरलं कोनं होतं?"

मी त्या दिवशी जेवलो नाही. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, आपण जिंकलो.

या हिवाळ्यात तिची छाती भरली. दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेला, तो बाजूला करून म्हणाली, "चरख्यावर अर्धी गुंडी राह्यली. हात नोका लावू." दुसऱ्या दिवशी गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला देवराव आला आणि मांडवात सगळ्यात मागं बसला. बुद्धवंदना झाल्यावर कोणीतरी म्हणालं, शांताबाईंबद्दल दोन शब्द बोला. मी उठलो. बोलायचं तिच्याबद्दलच होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "माय देवरावच्या घरी उपाशी मेली असं मी म्हनलं होतं. ते खोटं होतं. दोन महिने मीच गेलो नव्हतो तिले पाहाले." काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी खाली बसलो.

जेवणं झाल्यावर देवराव हात धुवायच्या टाकीपाशी माझ्याजवळ आला.

"दादा, वैनी मले दर महिन्याले फोन करे."

"मले नाई सांगितलं कधी. काय म्हने?"

"काई नाई. तुयी दाढ दुखते, तुया चष्म्याचा नंबर वाढला. मी म्हनो, मले काऊन सांगतं? तं म्हने, भाऊजी, तुमचं टोक तुमी सोडू नोका. तुमच्या दादायले वेळ लागते."

आई गेल्यापासून नऊ वर्षं लागली. ती असताना लागली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणतो.

देवराव आता रविवारी येतो. मी चरख्याला हात लावला आहे, तिनं नको म्हटलं होतं तरी. टोक उलगडतो, टेकवतो, सावकाश फिरवतो. धरत नाही. पुन्हा उलगडतो. देवराव खाटेवर बसून बघत असतो. परवा कंटाळून म्हणाला, "मार न दादा एक गाठ. आता कोन पाहून राह्यलं?"

मी मारत नाही.