जंक्शनवर सुटलेली अर्धी गाडी

मी एका मित्राची आई हरवली आहे. दिवसाढवळ्या, रिझर्वेशनच्या गाडीतून, आणि वर तिचा जेवणाचा डबा माझ्या हातात. हे मी आजवर चारचौघांत विनोद म्हणून सांगत आलो. पण त्या दिवशी मला अजिबात हसू येत नव्हतं.

तेव्हा सिडनीजवळच्या वेंटवर्थव्हिलच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही सातजण राहायचो. दर सेमिस्टरला पुण्या-मुंबईची नवी पोरं यायची, जुनी पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, मागे कुठेकुठे पांगायची. हा मित्र पांगला तो थेट आडगावात, एका मोटेलमध्ये कुक म्हणून. गावाकडे काम केलं की पीआरचे पॉइंट जास्त. त्याची आई पहिल्यांदाच येत होती आणि त्याला सुट्टी मिळेना. "टेन्शन नको घेऊ," मी फोनवर म्हटलं, "काकूंना मी आणून सोडतो." मला तेव्हा ऑस्ट्रेलियात येऊन पावणेदोन वर्षं झाली होती, म्हणजे हा देश मला पूर्ण कळलेला होता.

कळलेलं सगळं मी काकूंना सिडनीपासूनच शिकवायला घेतलं. "काकू, इथे कुणी काही खायला दिलं तर घ्यायचं नाही. बिस्किटातसुद्धा काय असेल सांगता येत नाही. हसायचं आणि म्हणायचं, नो, थँक यू." काकू शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं.

आमच्या जागा मागच्या डब्यात होत्या. शेजारचा माणूस मांस भरलेला मीट पाय खायला लागला तशी काकूंनी पदर नाकाला लावला. मी पुढे जाऊन पाहून आलो. पुढचे डबे निम्मे रिकामे. "चला काकू, तिकडे बसू. कोण विचारतंय!" जागेचं अ‍ॅडजस्ट करून घेणं आपल्या रक्तातच असतं. तिकीट तपासायला आलेल्या कंडक्टरने नंतर पुढे काहीतरी सांगितलं, की जंक्शनच्या आधी तुमच्या जागेवर परत जा. मी "नो वरीज, मेट" म्हटलं आणि काकूंना खिडकीतून मेंढ्या दाखवायला लागलो. का परत जायचं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुपारी काकू म्हणाल्या, "जेवायचं का रे? माझी इंजेक्शनची वेळ झाली." काकूंना मधुमेह. इन्सुलिन घ्यायचं आणि अर्ध्या तासात जेवायचं, हा नियम.

"तुम्ही घ्या इंजेक्शन. मी तोवर डबा गरम करून आणतो. इथे गाडीत मायक्रोवेव्ह असतो."

"अरे, गारच खाईन मी."

"गार कशाला? ऑस्ट्रेलियात आलाय तुम्ही!"

त्यांनी सुई टोचलेली मी डोळ्यांनी पाहिली आणि डबा घेऊन मागच्या बाजूच्या कँटीनकडे निघालो. खाऊची बाकी सगळी पिशवी मोठ्या बॅगेत, आणि बॅग मागे सामानात. म्हणजे खाण्याचा एकूण एक कण मी त्यांच्यापासून लांब नेला होता.

कँटीनवाली म्हणाली, बाहेरचं अन्न गरम करायला परवानगी नाही. मी वाद घालायला लागलो. आई, डायबिटीस, परदेशी पाहुणी, सगळं काढलं. तेवढ्यात गाडी थांबली, थोडं खडखडली, एक हलका धक्का बसला. मी बोलतच होतो. शेवटी तिने कंटाळून डबा आत ठेवला. गरम डबा घेऊन मी विजयी मुद्रेने परत निघालो, तर पुढच्या डब्यात जायचा दरवाजा बंद. काचेतून पाहिलं. पलीकडे डबाच नव्हता. नुसते रूळ होते, आणि लांब, वळणावर, आमच्या गाडीचा पुढचा अर्धा भाग निघून चालला होता.

त्या जंक्शनवर गाडीचे रोज दोन तुकडे होतात. पुढचा एका गावाला जातो, मागचा दुसऱ्या. हे तिकिटावर लिहिलेलं होतं. मित्राचं गाव मागच्या तुकड्याचं.

मी प्लॅटफॉर्मवर उडी मारली. मागचा तुकडा सुटला तरी मला भान नव्हतं. सगळ्या स्टेशनवर केशरी जॅकेट घातलेली एकच बाई होती, पन्नाशीची, जाड दंडांची. मी जे बोललो त्यात इंग्रजी किती होतं आणि मराठी किती, देव जाणे. तिने फक्त दोन प्रश्न विचारले.

"इंजेक्शन कधी घेतलं?"

"वीस मिनिटं झाली."

"बरोबर खायला काय आहे?"

मी डबा वर केला. ती डब्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

आत जाऊन तिने वायरलेसवर ड्रायव्हरला गाठलं. ड्रायव्हरने कंडक्टरला सांगितलं. मी दारात उभा. मला वाटलं, सुटलो. ज्यूस देतील, झालं. पाच मिनिटांनी निरोप उलटा आला. तिने ऐकला आणि माझ्याकडे वळली.

"साडी, स्वेटर, पांढरे स्पोर्ट शूज?"

"हो, हो, त्याच!"

"दोनदा ज्यूस दिला. ती हसते आणि 'नो, थँक यू' म्हणते. फार सभ्य बाई आहे, कंडक्टर म्हणतोय."

"त्यांना म्हणावं, मी प्यायला सांगितलंय!"

"कुठल्या भाषेत, लव्ह?"

वायरलेस ड्रायव्हरच्या केबिनमध्ये होता, आणि तिथे प्रवाशाला नेता येत नव्हतं. काकूंकडे इथला फोन नव्हता, आणि त्या टेकड्यांत माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. पुढचं स्टेशन पंचवीस मिनिटांवर. बाईने भिंतीवरचा फोन उचलला. त्या पुढच्या खेड्यातली नर्स रोज याच गाडीने तपासायच्या रक्ताच्या बाटल्या मोठ्या गावच्या हॉस्पिटलला पाठवते, हे तिला ठाऊक होतं. नंतर कळलं की त्या लाइनवर असंच चालतं. बेकरीचा पाव, शाळेची पुस्तकं, कुणाच्या मेंढ्याचं औषध, सगळं गाडीवर चढतं, आणि कोण कुठे उतरवून घेणार ते हिला पाठ असतं.

"अगं, आज तुझ्यासाठी एक बाई आहे," ती फोनवर म्हणाली. "पार्सल नाही. माणूस."

बाहेर एक शेतकरी कुत्रा आणि उघड्या पाठीची यूट गाडी घेऊन सामान न्यायला आला होता. तो म्हणाला, "चल, माझ्या यूटमधून सोडतो तुला तिथे."

मी धावलो. बाईने दंडाला धरून थांबवलं. "रस्त्यात फोन लागत नाही. तिकडे ती नाही म्हणाली, तर तिच्याशी बोलणार कोण?"

म्हणून मी थांबलो. माणूस धावत असला की त्याला निदान काहीतरी करत असल्यासारखं वाटतं. मी एका खुर्चीवर, मांडीवर कोमट डबा घेऊन, भिंतीवरच्या फोनकडे पंचवीस मिनिटं बघत बसलो. शेतकरीही टोपी काढून दारात उभा राहिला. मित्राला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. प्रत्येक वाक्य 'मी' पासून सुरू होत होतं.

फोन वाजला. मीच उचलला.

"टू पॉइंट एट," नर्स म्हणाली.

आपल्याकडे शुगर शंभर, दीडशे अशी असते. दोन पॉइंट आठ म्हणजे माणूस गेलंच! मी फोनमध्ये किंचाळलो. नर्स घाईने म्हणाली, इथलं माप वेगळं आहे, जिवंत आहे, पण घामाने भिजली आहे, हात थरथरतायत, आणि ग्लास तोंडाला लावू देत नाहीये. मग काकूंचा आवाज आला. लांबून, जड.

"कुठे गेलास रे तू?"

"काकू, समोर ग्लास आहे ना, तो प्या."

"गोड पाणी आहे ते. मला साखर चालत नाही. डॉक्टरांनी बंद केलीय."

"आज चालते! काकू, तुमची शुगर खाली गेलीय."

"आणि तूच म्हणालास ना, कुणाकडून काही घ्यायचं नाही?"

"मी मूर्ख आहे, काकू!" मी ओरडलो. "मला काहीही कळत नाही! माझं काही ऐकू नका!"

मग हळू आवाजात: "मग आता तरी का ऐकू?"

हा प्रश्न बरोबर होता. मी नुसताच म्हणालो, "काकू, प्लीज. तुमचा मुलगा वाट बघतोय." आणि मला रडू फुटलं. शेतकऱ्याने तोंड फिरवलं.

फोनवर काचेवर दात आपटल्याचा आवाज आला. मग घोट. एक. थांबून दुसरा. मी मोजत होतो. नर्स फोनवर आली, म्हणाली, गाडी जाऊ दे, हिला मी घरी नेते, पंधरा मिनिटांनी परत टेस्ट करते. ती पंधरा मिनिटं पहिल्या पंचवीसपेक्षा मोठी होती. केशरी बाईने माझ्यासमोर चहा ठेवला, तो तसाच राहिला.

"फाइव्ह पॉइंट वन," फोन आला. "आणि आता ती मला पोळीचं पीठ कसं भिजवायचं ते खुणांनी शिकवतेय."

यूट, कुत्रा, शेतकरी आणि मी तिकडे पोचलो तेव्हा काकू नर्सच्या किचनमध्ये टोस्ट खात होत्या. मला बघून म्हणाल्या, "बस. पांढराफटक पडलायस." शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मोटेलवर निरोप गेल्यावर, संध्याकाळी उजेड असतानाच मित्र कुणाची तरी गाडी मागून नव्वद किलोमीटर चालवत आला. त्याने आईला मिठी मारली आणि मला नुसतं "चल" म्हटलं. मी मागे बसलो. थोडं सौम्य करून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण काकूंनी गाडी सुरू होताच सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. मीट पाय, बदललेली जागा, "गार कशाला", काहीही सोडलं नाही. शिक्षिकाच त्या. मला कुठेही दुरुस्ती सुचवता आली नाही.

"टू पॉइंट एट," त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडची पन्नास."

मित्राने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं, उतरला, कुंपणापर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बराच वेळ.

"काय करतोय रे तो?" काकूंनी विचारलं.

"मेंढ्या बघतोय."

"तिकडे एकही मेंढी नाही." त्या आरशात माझ्याकडे बघत होत्या. "जा. त्याच्याजवळ जाऊन उभा राहा. आणि बोलू नकोस काही."

मी गेलो. कुंपणाच्या तारेवर हात ठेवून त्याच्या शेजारी उभा राहिलो, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.