कोळसेवाल्याच्या खोपटातली दोघं

मेनेगा भित्री होती, आणि ते तिनं कधी लपवलं नाही. ढग गडगडले की ती गोठ्यात गाईच्या पोटाला टेकून बसायची. रस्त्यात ओळखीचा माणूस जरा मोठ्यानं बोलला तरी तिच्या हातातली टोपली हलायची. तिचा नवरा बेपी लोकांना हसून सांगायचा, "चोर आला तर ही घाबरणार नाही. आला नाही तोवरच घाबरेल."

बेपी बीच नावाच्या झाडांच्या रानात लाकूड जाळून कोळसे पाडायचा. एका थंडीत अंगावर झाड पडून तो गेला. मागे राहिलं ते गावाच्या कडेचं छोटं घर, रानातलं दगडी खोपट आणि कोळशाची थोडी पोती. मेनेगाला शिवणकाम येत होतं. आमच्या डोंगरावर तेव्हा शिंपीण घरोघर जायची, त्यांच्याच चुलीजवळ बसून शिवायची, त्यांच्यातच जेवायची. मेनेगा चांगली शिवायची आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोलत नसे. म्हणून तिला गावातल्या दोन्ही वैरी घरांत जाता यायचं, बोर्तोलोच्याही आणि जेल्मोच्याही.

बोर्तोलोचं शेत वर, जेल्मोचं खाली, आणि मध्ये तळं. हिवाळ्यात त्या तळ्याचं बर्फ कापून खाली व्हेरोना शहरात विकलं जायचं. तळं कोणाचं यावर आजोबांच्या वेळेपासून कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. एका वर्षी बर्फ कापतानाच मारामारी झाली आणि बोर्तोलोच्या हातातला बर्फ ओढायचा आकडा जेल्मोच्या डोळ्यात गेला. तेव्हापासून जेल्मो एका डोळ्यानं जग बघत होता, आणि त्या डोळ्याला बोर्तोलोशिवाय फारसं काही दिसत नव्हतं. वरच्या घरात खालच्यांचं नाव काढायचं नाही, खालच्या घरात वरच्यांचं काढायचं नाही, एवढं पथ्य मेनेगानं वर्षानुवर्षं पाळलं.

बोर्तोलोची मुलगी निव्हेस हिनंच ते पथ्य मोडलं. कपड्याचं माप देताना, हात वर धरलेले असताना, ती हळूच म्हणाली, "मावशी, सिल्विनोला निळा रंग आवडतो." सिल्विनो म्हणजे जेल्मोचा धाकटा भाऊ. मेनेगाच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिनं एकेक करून काढल्या आणि म्हणाली, "पोरी, मला काही सांगू नकोस. मी काही ऐकलं नाही." निव्हेस हसली. त्यानंतर मात्र ती दर खेपेला काहीतरी सांगायची, आणि मेनेगा दर खेपेला ऐकलं नाही असं म्हणायची.

जानेवारीतल्या एका दुपारी, उन्हं डोंगराआड जात होती तेव्हा, दोघं तिच्या मागच्या दाराशी आली. बोर्तोलोच्या गुराख्यानं त्यांना तळ्याकाठी एकत्र पाहिलं होतं. बोर्तोलोनं भिंतीवरची बंदूक काढली होती. जेल्मोलाही कळलं होतं, आणि आपल्या भावानं त्या घरच्या मुलीचा हात धरला यासाठी तोही भावाचे पाय मोडायला निघाला होता. पहाटे खिंड ओलांडून पलीकडे जायचं, तिथल्या लाकडाच्या गिरणीत सिल्विनोला काम मिळणार होतं, तिथलाच पाद्री लग्न लावून देणार होता. फक्त एक रात्र कुठंतरी काढायची होती.

"मावशी, आज इथं राहू दे," निव्हेस म्हणाली.

मेनेगाच्या डोळ्यांसमोर बोर्तोलोची बंदूक उभी राहिली. तिला त्या दोघांची दया आली, पण त्याहून जास्त घाई झाली ती त्यांना घराबाहेर काढायची. तिनं रानातल्या खोपटाची किल्ली काढून दिली. बेपीची लोखंडी शेगडी दिली, पिशवीभर कोळसे दिले, सकाळचा गार पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि चीजचा तुकडा फडक्यात बांधून दिला. सिल्विनो मुलीसारखा लाजत आभाराचं काहीतरी पुटपुटत होता. तिचं तिकडं लक्षच नव्हतं. तिला एकच दिसत होतं, की बोर्तोलोच्या अंगणातून ते खोपट सरळ समोर येतं.

"खिडकीवर घोंगडी टाका," ती म्हणाली. "दाराखालच्या फटीत ह्या चिंध्या कोंबा. भिंतीतल्या भोकांतसुद्धा. उजेडाची रेघ बाहेर दिसता कामा नये."

शिवणाच्या पिशवीतल्या सगळ्या चिंध्या तिनं निव्हेसच्या हातात कोंबल्या. दोघं रानाकडे गेली तशी तिनं दाराला कडी घातली, वर खुर्ची टेकवली.

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी मेनेगानं नेहमीसारखी इस्त्री काढली, तिच्या पोटात निखारे भरले आणि खिडकी उघडायला हात लावला. कोळसा पेटवला की खिडकी उघडायची, ही तिची सवय बेपीनं लावलेली. खोपटात शेगडी असली की दार हातभर उघडं ठेवायचं, मग थंडीनं दात वाजले तरी चालतील, हे तो लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून सांगायचा. बंद खोलीतला कोळसा माणसाला झोपेतच नेतो. हे मेनेगाला गावात कोणापेक्षाही जास्त माहीत होतं.

खिडकीच्या खिटीवर तिचा हात तसाच राहिला.

शाल न घेताच ती चढणीला लागली. गुडघाभर बर्फात पडत, उठत, स्वतःशीच म्हणत होती की पोरं पहाटेच निघाली असतील, केव्हाच खिंडीपलीकडे गेली असतील. रानाच्या तोंडाशी तिला माणसं दिसली. बोर्तोलोची माणसं शोधत वर गेली होती आणि आता खाली येत होती. त्यांनी एक शिडी आडवी धरली होती, वर घोंगडीखाली कोणीतरी निजलेलं होतं, आणि मागे तशीच आणखी एक होती. मेनेगा झाडामागे बसली. ती पुढे गेली नाही.

खाली खोऱ्यातून पोलिसांचा जमादार आला. खोपट तुमचं ना, मग पोरं आत कशी गेली, असं त्यानं विचारलं. मेनेगानं सांगितलं की किल्ली कायम दाराजवळच्या खिळ्याला असते, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिचे ओठ थरथरत होते, पण ते नेहमीच थरथरायचे. जमादारानं विश्वास ठेवला.

गावानं आपला निकाल देऊन टाकला होता. खिडकी झाकलेली, फटी बुजवलेल्या, भिंतीतली भोकंसुद्धा चिंध्यांनी बंद केलेली. म्हणजे पोरांनी जाणूनबुजून केलं. दुसरं काय? मग प्रश्न उरला तो त्यांना मरायला लावलं कोणी एवढाच. बोर्तोलोच्या बाजूचे म्हणत जेल्मोनं भावाला धमकावलं म्हणून. जेल्मोच्या बाजूचे म्हणत बंदूक कोणी काढली होती? दोन्हीकडची माणसं चर्चच्या पटांगणात येताना कोटाखाली काहीतरी घेऊन यायची. दफन झालं की त्याच दिवशी आणखी मुडदे पडणार, हे सगळे जाणून होते आणि कोणी बोलत नव्हतं.

गावचे पाद्री फादर अत्तिलिओ वाईट माणूस नव्हते. पण आपला जीव आपणच घेणाऱ्याला दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा नाही, त्याच्यासाठी घंटा नाही, प्रार्थना नाही, हा त्या काळचा नियम होता आणि ते नियमाला धरून होते. दफनभूमीच्या बाहेर, काटेरी झुडपांजवळ, दोन खड्डे खणायला त्यांनी सांगितलं.

निव्हेसला शेवटचे कपडे शिवायला मेनेगालाच बोलावणं आलं. नाही म्हणावं तर संशय. ती गेली. निव्हेसची आई कात्तिना चुलीजवळ बसली होती. बोर्तोलो बाहेर कुऱ्हाडीनं लाकडं फोडत होता, सरपण भरपूर असताना. मेनेगानं निळं कापड पसरलं. सुईत दोरा जाईना.

"दे इकडे," कात्तिना म्हणाली आणि तिनं दोरा ओवून दिला. मग सुई हातात तशीच धरून म्हणाली, "मेनेगा, तू तिचं माप घ्यायचीस. तुझ्याशी बोलायची ती. ती दुःखी होती का गं? मला तर कधी दिसली नाही. सकाळी दूध गाळताना गात होती. मी इतकी वाईट आई होते का, की तिला माझ्याकडे येण्यापेक्षा मरण बरं वाटलं?"

मेनेगाला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. बाहेर कुऱ्हाड पडत होती. प्रत्येक घावाला तिचं अंग आत ओढलं जात होतं. ती म्हणाली, "नाही हो, वाईट कसली," आणि शिवत राहिली.

दफनाच्या आदल्या दिवशी ती चर्चमध्ये पापकबुलीला गेली. जाळीला तोंड लावून तिनं सगळं सांगितलं. किल्ली, शेगडी, चिंध्या, झाडामागे बसणं, जमादाराला सांगितलेलं खोटं. तिला वाटत होतं, आपण इथं कुजबुजलो की काम झालं. फादर काय ते करतील, पोरांना आत घेतील आणि आपलं नाव कुठं येणार नाही.

मग फादर म्हणाले, "बाई, इथं ऐकलेलं मला बाहेर उच्चारता येत नाही. मान कापली तरी नाही. देव तुला क्षमा करील. पण पोरं भिंतीच्या आत यायला हवी असतील, तर हेच तुला बाहेर सांगावं लागेल. मला, आणि चार माणसांसमोर."

"ते मला मारून टाकतील, फादर."

फादरांनी क्षमेची प्रार्थना सुरू केली. मारणार नाहीत असं ते म्हणाले नाहीत, हे मेनेगाच्या लक्षात आलं.

सकाळी पटांगणात दोन शवपेट्या ठेवल्या होत्या, एकमेकींपासून लांब. एकीमागे बोर्तोलो आणि त्याची माणसं, दुसरीमागे जेल्मो आणि त्याची. मधल्या बर्फावर कोणी पाऊल टाकत नव्हतं. फादर चर्चच्या दारातच उभे होते, कारण पेट्या आत न्यायला परवानगी नव्हती. मेनेगा बायकांच्या मागे होती. आपण आत्ता घरी जावं, असं तिनं ठरवलंसुद्धा. तेवढ्यात पेट्या उचलायला माणसं वाकली आणि कात्तिनानं पेटीवर हात ठेवून विचारलं, "बाहेरच का?" कोणाला उद्देशून नाही, नुसतंच.

मेनेगा त्या मधल्या बर्फावर आली. कशी आली ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"त्यांनी जीव दिला नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की फादरना तिला पुन्हा बोलायला सांगावं लागलं. मग ती फादरांकडे बघूनच बोलली, कारण इतर कोणाकडे बघायची हिंमत नव्हती. "किल्ली मी दिली. कोळसे मी दिले. फटी बुजवा, खिडकी झाका, हे मी सांगितलं. उजेड दिसू नये म्हणून. पोरांना कोळशाचं काही ठाऊक नव्हतं. मला होतं. मी घाबरले आणि विसरले. सकाळी दोघं खिंडीपलीकडे जाणार होती. लग्न करणार होती."

बोर्तोलो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मेनेगानं जन्मभर विसरायचा प्रयत्न केला. तो रागावला तर होताच. पण पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसा तो सैलही झाला होता.

"म्हणजे तू," तो म्हणाला.

जेल्मो मेनेगाच्या पुढ्यातल्या बर्फावर थुंकला. मग त्या एका डोळ्यानं त्यानं बोर्तोलोकडे पाहिलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

फादरांनी घंटा वाजवायला सांगितलं. पोरांना भिंतीच्या आत पुरलं, पण आपापल्या घराण्याच्या जागेत, दोन टोकांना. मुडदे मात्र पडले नाहीत. माणसं कोटाची बटणं लावून घरी गेली.

जमादारानं मेनेगाला खोऱ्यात नेलं. तिथल्या न्यायाधीशानं तिचं ऐकून घेतलं, खोटं सांगितल्याबद्दल खडसावलं आणि हिवाळा सरायच्या आत घरी पाठवलं. घरी आल्यावर खरी शिक्षा सुरू झाली. तिला कोणी शिवायला बोलवीना. तिच्या दारावर कोळशानं फुली मारलेली असायची, पुसली की पुन्हा. एकदा खिडकीतून दगड आला. बोर्तोलो आणि जेल्मो दोघंही दारूच्या गुत्त्यात एकच वाक्य बोलू लागले, की शिंपिणीनं पोरांना खाल्लं. पोरांना लपावं का लागलं, हे आता कोणी विचारत नव्हतं. मेनेगा दिवसाही खुर्ची दाराला टेकवून बसायची. रस्त्यावर पाऊल वाजलं की श्वास धरायची आणि पाऊल पुढे गेलं की सोडायची.

गुरं वर चरायला न्यायच्या सुमारास एक पाऊल पुढे गेलं नाही. दारावर थाप पडली. मेनेगानं फटीतून पाहिलं. कात्तिना होती, काखेत गाठोडं. त्या गाठोड्यात सुरी असेल, असंही मेनेगाच्या मनात आलं. तरी तिनं खुर्ची काढली. ती का काढली हे तिलाही कळलं नाही. कदाचित वाट बघून ती थकली होती.

कात्तिना आत येऊन बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी ती इथं कुठं उभी होती?"

मेनेगानं मागच्या दाराजवळची जागा दाखवली.

"जेवली होती का?"

"बरोबर पोलेंटा दिला होता. चीज दिलं होतं."

"काय म्हणाली? सगळं सांग. काही गाळू नकोस."

मेनेगानं सांगितलं. निव्हेसच्या केसांत बर्फ होतं तेही सांगितलं. सिल्विनो लाजत होता, शेगडी त्यानंच उचलली, निव्हेसला जड काही धरू दिलं नाही, हे सांगितलं. आपल्याला त्यांना घराबाहेर घालवायची घाई झाली होती, हेही सांगितलं, आणि मग मार बसेल म्हणून खांदे आवळून बसली.

कात्तिना रडली नाही. "खिडकी झाकायला सांगितलंस, ती कोणाच्या भीतीनं?" तिनं विचारलं.

मेनेगानं खिडकीतून वरच्या शेताकडे पाहिलं.

"तिच्या बापाला मी हे रोज विचारते," कात्तिना म्हणाली. "तो बाहेर जाऊन लाकडं फोडतो." मग ती म्हणाली, "तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. जमायचं नाही मला ते. पण एकटी तूच होतीस असंही मी कोणाला म्हणू देणार नाही."

तिनं गाठोडं सोडलं. आत करड्या लोकरीचं कापड होतं, घागऱ्यापुरतं. माप घे, ती म्हणाली, आणि उठून हात बाजूला धरून उभी राहिली. मेनेगा टेप घेऊन तिच्यामागे गेली. कात्तिनाची कंबर निव्हेससारखीच बारीक होती. टेपची टोकं नीट जुळेनात, मेनेगाला दोनदा मोजावं लागलं. कात्तिना तोवर उभी राहिली, हलली नाही.

परत जाताना ती मागच्या दारानं गेली नाही. पुढच्या दारानं, गुत्त्यासमोरून, भर दुपारी गेली. त्यानंतर हळूहळू दोन-चार घरांचं काम पुन्हा येऊ लागलं. जेल्मोच्या घरचं कधीच आलं नाही. मेनेगा पुढे खूप जगली, म्हातारी झाली. रस्त्यावर मोठ्यानं बोलणं ऐकू आलं की शेवटपर्यंत तिची सुई थांबायची, आणि ते बोलणं दूर गेल्यावरच पुढचा टाका पडायचा.