दहा लाख तीन

बाबांनी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं गिअरचे दात कापले. चाळीस दातांचं चाक सहज निघतं. एकशे सत्तावीसचं काढताना घाम फुटतो, कारण त्या संख्येचे सारखे भागच पडत नाहीत आणि मशीनच्या तबकडीवर त्या हिशेबाची भोकंही नसतात. मी कॉलेजात गणित शिकवते, पण मूळ संख्यांनी मला कधी असा घाम फोडलेला नाही.

चाक तयार झालं की एका दाताला खडू लावायचा आणि फिरून खडूपर्यंत मोजायचं, ही त्यांची सवय. आधीच्या पाळीवाल्याने मोजलेलं असलं तरी.

रिटायर झाल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "दहा लाखाच्या पुढं, कशानंच भाग जात नाय, अशी पयली संख्या कोणती?" मी पेपर तपासत होते. म्हटलं, तुम्हीच शोधा; हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भाग लावून पाहिला की पुरे.

त्यांनी ते मनावर घेतलं. दहा लाख एकला एकशे एकने भाग गेला. दहा लाख तीन मात्र हटेना. रोज सकाळी चहा झाला की कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे दोन भागाकार करायचे, मग उलटा गुणाकार करून ताळा पाहायचा. आई म्हणायची, "यांची परीक्षा कधी संपायची?"

एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "सहाशे तेरानं भागून झालं. बाकी उरली दोनशे. आता वाटतंय, हीच हाय ती."

छप्पन्न भागाकार उरले होते. माझ्या हातात फोन होता. "अहो बाबा, आहेच ती मूळ संख्या," मी म्हटलं. "हे बघा, लगेच दाखवतंय." आणि वर फोन त्यांच्या ताटापुढे धरला.

"हो का," ते म्हणाले आणि भातावर दही घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहानंतर त्यांनी टीव्ही लावला. पानावर सहाशे सतरा लिहून भागाकाराची रेघ मारलेली होती, पुढे कोरं. उत्तरं शेवटच्या पानावर आहेत म्हणून आधीच बघू नका, असं मी वर्गात पोरांना दरडावते. घरात मात्र शहाणपण पाजळलं. याची मला फार लाज वाटते.

गेल्या महिन्यात मी फोन मुद्दाम आत ठेवला आणि एका कागदावर दहा लाख तेहतीस लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. "बाबा, हिचं उत्तर मी पाहिलेलं नाही. खरंच."

त्यांनी चष्मा लावला, आकडा नीट वाचला. क्षणभर वाटलं, पेन मागतील. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"तुला ठाऊक असंलच पोरी. उगा माझं मन राखू नको."

मला ठाऊक नव्हतं. अजूनही मी ते पाहिलेलं नाही.