काकांचं इंजिन आणि माझी कानस

मंडळी, सकाळी अडकलेला श्वास आत्ता सुटला, म्हणून लिहितोय.

राहनाळच्या काकांच्या गवत कापायच्या मशीनचं टू-स्ट्रोक इंजिन मी मागून आणलं आणि माझ्या रिमोटच्या रेसिंग बोटीत बसवलं. वेग वाढावा म्हणून काल त्यातलं धूर बाहेर पडायचं भोक कानशीने रुंद केलं. ते जास्त रुंद झालं तर पिस्टनची रिंग त्यात अडकून तुटते, हे माहीत असूनही हात थांबला नाही.

आज तलावात बोट सुसाट सुटली आणि मधोमध गप्प झाली. काका काठावरच उभे. ट्यूब घेऊन पोहत गेलो, बोट आणली, पण स्टार्टरची दोरी ओढायची हिंमत होईना.

"वढ ना," काका म्हणाले आणि शेवटी त्यांनीच ओढली. इंजिन कुठेही न अडकता, नेहमीच्या जोराने फिरलं. रिंग शाबूत होती.

मग कार्बोरेटर उघडला. पेट्रोलच्या बारीक जाळीवर कापसाच्या रुईचा पुंजका बसला होता. काल नारपोलीत, आमच्या लूमच्या कारखान्यात, कापड विणताना हवेत रुई उडत असते तिथेच बसून मी कार्बोरेटर उघडून "साफ" केला होता. जाळी धुतली, बोट पुन्हा पळाली आणि मी तिथेच चिखलात बसकण मारली.

काका तो पुंजका बोटावर घेऊन बघत होते. म्हणाले, "इंजिन येका दिवसात बंद पडलं. तू तं वीस वर्सं तिथंच हायस."

कार्बोरेटर आता घरीच उघडणार. पण लूमवाल्यांनो, खरं सांगा, आपल्यापैकी कोण तोंडाला रुमाल बांधतो?