खांबाचा नंबर नसलेला अर्ज

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या चार तारखेला मी तालुक्याच्या वीज कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट होते. विक्रेत्याने ते बारा रुपयांना दिले. हजर तिघे: मी, माझी मोठी बहीण अक्का आणि आवक-जावक पाहणारा कारकून. मागणी एकच होती, मार्च ते जूनच्या आवक नोंदवहीच्या छायाप्रती.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, जूनमध्ये शेतात विजेच्या धक्क्याने वारले. पिंपळनेरच्या अलीकडे त्यांची तीन एकर जमीन. तुषार सिंचनाचा अॅल्युमिनियमचा पाइप त्यांनी आतला गाळ झाडायला उभा केला आणि तो वरच्या तारेला लागला. खांब कलल्यामुळे ती तार हिवाळ्यापासूनच खाली आली होती. कार्यालयाच्या अहवालात मात्र लिहिले होते: मयताने निष्काळजीपणा केला, तारेबाबत पूर्वी तक्रार प्राप्त नाही. या दोन ओळींमुळे अक्काच्या मदतीचा प्रस्ताव अडला होता. मदतीपेक्षाही 'निष्काळजीपणा' हा शब्द तिला जास्त लागला होता.

"त्यास्नी अर्ज लिखेल व्हता, भाऊ," परतताना एसटीत ती म्हणाली. "मन्हासमोर लिखेल व्हता. मंग ह्या लोक नही कसं म्हणतस?"

अर्ज लिहिला होता हे मलाही माहीत होते. एप्रिलात दाजी तो घेऊन देवपूरला माझ्या घरी आले होते. मी पतसंस्थेत हिशेब पाहतो, त्यामुळे नातेवाइकांचे कागद बहुधा माझ्या नजरेखालून जातात. मी तो वाचून परत दिला, एवढे आठवत होते. पुढे त्यांनी तो कार्यालयात दिलाच असणार, असे मी धरून चाललो होतो.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले, की सदर कालावधीत अशी तक्रार आढळून येत नाही. मी प्रती मागितल्या होत्या, निष्कर्ष नव्हे. वीस रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील केले. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी मूळ नोंदवही दाखवण्याचा आदेश दिला. वर म्हणाले, "तक्रार सापडली तर अहवाल दुरुस्त करून प्रस्ताव मी स्वतः पाठवतो. नाही सापडली तर मात्र पुन्हा येऊ नका."

डिसेंबरात त्याच कारकुनाने नोंदवही माझ्यापुढे ठेवली. "बसा, नाना. पहिला तास फुकट, पुढे पंधरा मिनिटांना पाच रुपये. चहा तुमच्याकडून."

"चहा नियमात नाही."

"म्हणून तर मागतोय."

मार्चच्या एक तारखेपासून मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो. पान फाडलेले नव्हते, अनुक्रमांक तुटला नव्हता, खाडाखोड नव्हती. जी लबाडी पकडायला मी आलो होतो, ती तिथे नव्हतीच. जूनपर्यंत दाजींची तक्रारही कुठेच नव्हती. एप्रिलच्या तीन पानांवर मात्र तारांच्या सात तक्रारी होत्या. 'आबांच्या विहिरीजवळ तार लोंबते.' 'शाळेमागचा खांब वाकला.' कुणी पूर्ण नावही दिले नव्हते. सातांपैकी पाचांपुढे शेरा होता: तार ओढली.

"खांबाचा नंबर नसताना तक्रार घेता तुम्ही?" मी विचारले.

"नंबर कुठे दिसतोय, नाना? रंग उडालाय सगळ्यांचा. विहीर सांगितली की लाइनमन जातो. वहीच्या चतकोर कागदावर दिलं तरी घेतो आम्ही."

तेव्हा मला दाजींचा अर्ज नीट आठवला. दोनच ओळी होत्या. मी समासात पेन्सिलीने लिहिले होते: खांब क्र.? गट क्र.? तारीख? आणि म्हणालो होतो, "दाजी, असा अर्ज कुणी घेत नाही. हे भरून आणा, मी स्वतः नेऊन पोच घेतो." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "तू म्हनस ते बरोबरच हुई," एवढेच बोलले. त्यांच्याकडे कांद्याची काढणी चालू होती. ते पुन्हा आले नाहीत आणि मीही फोन केला नाही.

अक्का बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सगळे सांगितले, पेन्सिलीच्या खुणांसकट.

"तुना दाजी दोन येळा खांबखाले उभा राहीसन वर देखत व्हतात," ती म्हणाली. "कसाले, ते माले आते समजनं."

दुसरे अपील माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे करता येते. नव्वद दिवसांची मुदत असते. सवयीने मी तिला तेही सांगितले.

"आते कोणवर करशी, भाऊ?"

मी अपील केले नाही. अहवालातला शब्द तसाच राहिला आणि वीज कार्यालयाकडून अक्काला काहीही मिळाले नाही. तीन पानांच्या प्रतींचे सहा रुपये मी तिथल्या रोखपालाकडे भरले. जानेवारीत माझी ऐंशी हजारांची मुदत ठेव मोडली आणि ती रक्कम अक्काच्या खात्यावर जमा केली. तिने ती ठेवून घेतली.