माझ्या जागी 'एक विक्रेता'

लिंबायतमध्ये माझं साड्यांचं दुकान आहे. वेबसाइटवर खरेदी करताना माणसाला मजा कशात येते, यावर पीएचडी करणारा एक प्राध्यापक दोन महिने माझ्या गादीवर बसून चहा पीत होता. मीच त्याला सांगितलं, बाईला साडीपेक्षा भाव करण्यात मजा येते. ती नको म्हणून पायरी उतरते, मी मागून हाक मारतो, तिथे ती जिंकते. वेबसाइटवरही गिऱ्हाईक निघालं की भाव उतरवून हाक मारा. डोक्यावर गाठोडी वाहून दारोदार फिरलो, तेव्हा ही अक्कल आली होती.

प्रबंध छापल्यावर तो पेढे घेऊन आला. मी पानं उलटली. सगळं माझंच होतं, फक्त माझ्या जागी 'एक विक्रेता' असं लिहिलं होतं.

"माझं नाव कुठंय?"

"काका, संशोधनात नावं लिहीत नाहीत. तुमच्याच भल्यासाठी असतं ते."

"माझं भलं तू ठरवणार?"

पेढ्यांचा डबा मी त्याच्या तोंडावर हाणला. कॉलर धरून त्याला दोनदा भिंतीवर आपटलं. चष्मा फुटला, ओठ फाटला. मी कापड मोजायची लोखंडी पट्टी उचलली, तेव्हा शेजारच्या दुकानदाराने मला मागून कवेत आवळून धरलं, म्हणून तो वाचला.

रुमालाने तोंड दाबत तो म्हणाला, "नाव हवंय ना काका? आता लिहितो."

तासाभराने पोलीस चौकीत हवालदाराने तक्रार वाचून दाखवली. माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं बरोबर होतं.

मी बाकावर बसलेल्या प्राध्यापकाला विचारलं, "असंच पुस्तकात लिहायला काय झालं होतं?"