सदतीस नंबरच्या दोन छत्र्या

भरदुपारी दातांच्या डॉक्टरीणबाई वर्कशॉपमध्ये शिरल्या, तेव्हा वहिनी चौकटीत ताणलेल्या जाळीतून कापडी पिशव्यांवर एका औषधवाल्याचं नाव छापत होती. बाईंनी कागदाच्या दोन गुंडाळ्या टेबलावर आपटल्या.

"तुम्ही चोर आहात," त्या म्हणाल्या.

वहिनीने हातातली शाई ओढायची रबरी पट्टी खाली ठेवली नाही. "शाई जाळीत वाळेल. एवढी पिशवी होऊ द्या, मग शिव्या द्या."

धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून गिऱ्हाईकंही म्हणायची. नवरा गेल्यावर वर्कशॉप अर्धं तिचं, अर्धं दिराचं झालं. बारा वर्षं दोघांनी एकाच टेबलावर छपाई केली. ती डावखुरी आणि तोंडाने फटकळ. तो गोडबोल्या. गिऱ्हाईक तो आणायचा, काम ती काढायची.

त्या दोन भिंतरंग्यांनाही त्यानेच आणलं होतं. एक ढांग्या, एक बुटका. पुठ्ठ्यात चित्र कापायचं, भिंतीवर धरायचं, स्प्रे मारून पळायचं, हा त्यांचा उद्योग. सरकारी कचेरीच्या भिंतीवर त्यांनी खुर्चीत झोपलेला साहेब आणि त्याच्यावर पिवळी छत्री धरून उभा असलेला शिपाई काढला. आठवड्यात कचेरीने भिंतीवर चुना मारला आणि ते चित्र सगळ्यांनाच हवंसं झालं. मग ठरलं की ते जाड कागदावर छापायचं. फक्त शंभर प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर आणि दोघांची सही.

वहिनीचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. "मावशी, जरा ओबडधोबड येऊ द्या, भिंतीसारखं," ढांग्या म्हणाला.

"ओबडधोबड भिंतीवर करा. इथे होईल ते नीट होईल. आणि मी तुमची मावशी नाही."

शंभर प्रती तिने एकटीने काढल्या. शिपायाच्या काळ्या मुठीत छत्रीचा पिवळा दांडा केसभरही सरकू दिला नाही. बिघडलेले कागद स्वतः फाडले. "आता जाळ्यांवरचं चित्र धुऊन टाका," ती दिराला म्हणाली, म्हणजे पुन्हा छापायचा प्रश्नच नको. दीर म्हणाला, "मी धुतो, तुम्ही दमलात." तिला तेवढंच बरं वाटलं.

आता डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गुंडाळ्या उलगडल्या. एक त्यांची, दुसरी ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून मागून आणलेली. दोन्हींवर सदतीस भागिले शंभर. दोन्हींवर तीच सही. दोन्हींच्या मागे या वर्कशॉपचा शिक्का.

वहिनीने चष्मा पुसला आणि छत्रीच्या कडेवरून बोट फिरवलं. पहिलीत पिवळा रंग डावीकडे किंचित दाट होता. तिचा जोर तिकडेच पडायचा. दुसरीत तो उजवीकडे दाटला होता. ही उजव्या हाताने ओढलेली होती.

"भावजी," तिने मागच्या खोलीकडे हाक मारली, "छत्रीच्या जाळ्या कुठे आहेत?"

"धुतल्या की! तेव्हाच." दीर हात पुसत बाहेर आला. बाईंना पाहून त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

वहिनी स्टुलावर चढली. माळ्यावर, जुन्या बॅनरच्या गठ्ठ्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जाळ्यांच्या दोन चौकटी निघाल्या. जाळीच्या कडेला पिवळी शाई अजून बोटाला लागत होती.

"वहिनी, बाहेरच्या माणसासमोर नको."

"बाहेरच्या माणसालाच फसवलंस तू. आणि नाव माझं लावलंस." बारा वर्षांत तिने दिराला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्याला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्याने फोन केला तशी ती भिंतरंग्यांची जोडी धावत आली. बुटका सरळ चौकटींवर झेपावला. वहिनीने त्या छातीशी धरल्या.

"चित्र आमचं, सही आमची," ढांग्या ओरडला. "तुम्ही कोण? छापणाऱ्या बाई!"

"हो. आणि मी शंभर छापले."

ती मोरीत गेली, आतून कडी लावली. चित्राचा लेप सुटायचं औषध जाळ्यांवर ओतलं आणि पाण्याची नळी सोडली. बाहेर तिघे दार बडवत होते, दीर गेलेल्या भावाचं नाव घेत होता. हिरवट लेपाचे पापुद्रे सुटून मोरीच्या तोंडाशी साचले. आधी छत्री गेली, मग शिपाई, मग साहेब. ती बाहेर आली आणि कोऱ्या चौकटी त्यांच्या पायाशी टाकल्या.

"घ्या. छापा आता."

डॉक्टरीणबाईंनी तिचे आभार मानले नाहीत. खऱ्या प्रतीमागे तिने "ही माझ्या हातची" असं लिहून सही केली, तरी बाई म्हणाल्या, "घरातला चोर घरातल्यांना कळत नाही होय?" चित्र घेतलं त्या दुकानात त्यांनी तक्रार केलीच. चित्रं विकणाऱ्या दुकानदाराने उरलेल्या प्रती काढून टाकल्या, आणि नालस्ती झाली ती दिराची नाही, त्या जोडीचीही नाही, वर्कशॉपची झाली. पुढच्याच आठवड्यात तिच्या शटरवर एक स्प्रेचं चित्र उमटलं. फेंदारलेल्या नाकाची बाई आणि हातात पाण्याची नळी. येणारेजाणारे फोटो काढायला थांबू लागले. वहिनीने ते दुपारच्या उन्हात, सगळ्यांच्या देखत, पत्रा दिसेपर्यंत खरवडलं. कोणी म्हणालं, राहू द्या की, छान आहे. ती खरवडतच राहिली.

दिराने वाटणी मागितली. मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. सासूबाई सकाळचा चहा इकडे आणि संध्याकाळचा तिकडे घेऊ लागल्या आणि दोन्हीकडे दुसरीकडच्याबद्दल अवाक्षर काढेनाशा झाल्या.

पलीकडे तो आता एकटा छापतो. त्याची पट्टी जाळीवरून फार भरभर ओढली जाते, ते तिला ऐकू येतं. ती बराच वेळ सहन करते, मग मुठीने प्लायवूड ठोकते.

"सावकाश ओढ! सगळी शाई फासतोयस!"

पलीकडचा रेडिओ मोठा होतो.